पाणी आलं आणि देवगिरी अर्धी राहिली

इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडल्यापासून माझ्याकडे वेळ भरपूर आहे, आणि डोक्यात एकच विषय. आपली ही सगळी शहरं, उड्डाणपूल, मॉल, नळयोजना आता उताराला लागलीत. कुठल्याही संस्कृतीचं आयुष्य बघा: जन्म, जवानी, माज आणि मरण. आपण माजाच्या शेवटी आहोत. हे मी माझ्या मैत्रिणीला, रेवतीला, इतक्यांदा ऐकवलं की शेवटी तीच वैतागून म्हणाली, "चल, एक मेलेली राजधानी बघून येऊ. देवगिरी. तसंही मला तुला काहीतरी सांगायचंय."

"काय?"

"तिथं सांगते."

मला तिथंच संशय आला. हल्ली तिला फोन आला की ती उठून बाजूला जाते. कोण असतं पलीकडं?

दिवस ठरला गुरुवार. आमच्या शहरात मुहूर्त पंचांगात नाही, नळाच्या वारात बघतात. पाणी आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा. त्या दिवशी धडधाकट माणूस घरी पाहिजेच, साखरपुडेसुद्धा तो वार टाळून ठरतात. औरंगपुऱ्यातल्या तिच्या गल्लीचा वार शनिवार. आमच्या मुकुंदवाडीचा मला आईला विचारावा लागतो. तिचा मात्र पाठ आहे, कारण शनिवारी ती मेसेजला उत्तर देत नाही.

ओळखीची दुकानं उघडायच्या आत तिला गाडीवर घेतलं. छावणी, पडेगाव, मिटमिटा, मग दौलताबाद. रस्ता बरा आहे, फक्त वेरूळकडं जाणाऱ्या गाड्या अंगावर येतात. शंभराच्या पेट्रोलात जाऊन-येऊन होतं. किल्ल्याबाहेर पेरूवाले बसतात.

"लई गोड हायेत दादा, खाऊन तर बघा," एक मावशी म्हणाली.

"आधी कापून दाखवा."

"ह्याला पेरूचा पंचनामा करायचाय मावशी," रेवती म्हणाली. मावशीनं कापला. आत गुलाबी निघाला, आणि मी गप्प खाल्ला. पाण्याची बाटली मात्र घरून भरून न्या, आत मिळेलच असं धरून चालू नका.

दरवाज्यातून आत तोफा, पुढं हत्ती हौद. हत्तींचा कळप मावेल एवढा मोठा, आणि ठणठणीत कोरडा. दिल्लीच्या सुलतानानं इथं राजधानी आणली, माणसं हुकमानं आणली, अन् मग परतही नेली. उरले भिंतींवर बसलेले वानर. कठड्यावर बसून मी सुरू झालो, "बघ, हेच आपलं होणार."

"आपल्या गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या सापडतील लोकांना," ती म्हणाली. "म्हणतील, हे लोक टाकीची पूजा करत. रोज उठून झाकण उघडून दर्शन घेत."

हसलो, पण मला वाटलं ही वेळ काढतेय. "काय सांगणार होतीस?"

"वर गेल्यावर."

खंदकाच्या पुलापाशी एक गाईड आठ-दहा जणांना गोष्ट सांगत होता. वेढा पडला तेव्हा घाईघाईनं गडावर पोती चढवली, धान्याची समजून. फोडली तर आत मीठ.

"आधी उघडून न्हाई बघितली व्हय कुणी?" घोळक्यातल्या एका काकूंनी विचारलं.

"वेळ कुठं होता काकू!"

मी रेवतीला कोपरानं ढोसलं. "म्हणून म्हणतो. विश्वास ठेवला की बुडालं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती चार पावलं बाजूला गेली, आणि पांढरीफटक पडून परत आली. "पाणी आलंय. आईचा गुडघा सुजलाय, दादा ड्यूटीवर आहे. चल लवकर."

"आज गुरुवार आहे."

"मग?"

"तुमचा शनिवार असतो. पाण्याचं निमित्त कशाला करतेस? सांगायचं नसेल तर सरळ सांग ना!"

आवाज चढला माझा. घोळका आमच्याकडं बघायला लागला. तिनं वादच घातला नाही. "येऊन बघ मग," म्हणाली, आणि उताराला लागली. अंधारी म्हणतात ते भुयार, बारादरी, माथ्यावरची तोफ, सगळं राहिलं. तुम्ही मात्र दिवसभराचा वेळ काढून जा.

तसेच थेट औरंगपुऱ्यात आलो. गल्लीच्या तोंडाशीच मोटरींची घरघर ऐकू आली. रस्त्यावर पाइपच पाइप. अख्खी गल्ली बाहेर होती. वॉल्व्हवाल्यानं न सांगता पाणी सोडलं होतं. कुणाच्या तरी घरी कार्य असणार, दुसरं काय.

तिची आई भिंतीला धरून उभी होती. मला बघून ओरडली, "अरे बघतो काय नुसता! पाइप धर, गच्चीवर ने!"

मी कोण, हे त्या माउलीनं विचारलंच नाही. मी पाइप घेऊन जिने चढलो. टाकीत धार लागली, तेव्हा रेवती मागून आली.

"बेंगळुरूला नोकरी लागलीय. सोमवारी जाते. मुलाखतींचे फोन होते ते."

"हे सांगणार होतीस?"

"अर्धं हे. अर्धं विचारणार होते. येतोस का म्हणून."

"मग विचार ना."

"आता नाय. तू तिथं येऊन रोज माझी पोतीच फोडत बसशील." तिनं टाकीवर झाकण ठेवलं. "मोटर बंद कर जाताना. आईला उठायला लावू नको."

आता मुकुंदवाडीत बसून हे लिहितोय. कोरडा हौद डोक्यातून गेला नाही, पण सिद्धान्तात थोडी दुरुस्ती केलीय. राजधानी सुलतानाच्या हुकमानं एकदम रिकामी झाली असेल. आमचं शहर तसं रिकामं होत नाही. एकेक माणूस बॅग भरून निघतं, आणि मागच्यांना ते फसवणूक वाटतं. म्हणजे मला तरी वाटलं.

काल संध्याकाळी बेंगळुरूहून तिचा मेसेज आला: "इथंपण टँकर लागतो रे. आज आलाच नाही."

पहिला विचार हाच, की खोटं. मला बरं वाटावं म्हणून लिहिलं असेल. मग वाटलं, परत यायचं निमित्त शोधतेय. तिथल्या बातम्या बघायला मोबाईलवर बोट गेलंसुद्धा. मग नाही बघितल्या.

लिहिलं, "आला की आधी प्यायचं भरून घे."