छत्रीच्या घरात बादली

माझ्या सुनेला अख्खा वॉर्ड क्लचबाई म्हणतो. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते ना! शेजारच्या सीटवर बसून दिवसभर ‘क्लच, क्लच, अहो क्लच दाबा!’ असं ओरडायचं, हा तिचा धंदा. तिच्या पायाशी एक वेगळा ब्रेक असतो. शिकणाऱ्यानं घोळ घातला की तो हिनं दाबायचा. गल्लीतल्या निम्म्या बायका तिच्याकडेच गाडी शिकल्या. घरातही आवाज तोच. ‘आई, गोळी घेतली का?’ असं तिनं मला विचारलं की समोरच्या इमारतीतले म्हातारे गुपचूप आपापल्या गोळ्या घेतात.

आधीच सांगून ठेवते, मी काही तिची स्तुती करायला बसलेली नाही. सुनेची स्तुती करणं माझ्या जिभेला जमत नाही.

आमचं घर छत्रीचं. म्हणजे छत्री चिन्ह असलेल्या पक्षाचं. आमच्या ह्यांनी जन्मभर त्या पक्षाच्या सतरंज्या उचलल्या, खुर्च्या मांडल्या, घसा फुटेस्तोवर घोषणा दिल्या. पद कधी मागितलं नाही आणि कुणी दिलंही नाही. हे गेले, पण मी मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरच्या छत्रीच्या टेबलावर बसायचं सोडलं नाही. मतदारांना नावाच्या चिठ्ठ्या शोधून द्यायच्या, म्हाताऱ्यांना खोली दाखवायची. शेजारच्या खुर्चीवर तात्या. तात्या म्हणजे छत्रीचा वॉर्डप्रमुख, सायकलच्या दुकानाचा मालक आणि ह्यांचा जिवाभावाचा मित्र.

अशा घरात ही बया राजकारणात गेली, आणि तीही समोरच्या पक्षातून! कशी, ते ऐका. चौकात हिच्या शिकाऊ गाडीला एका टेम्पोनं ठोकलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण गाडी शिकणारी नर्स इतकी घाबरली की तिनं पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. सुनेचं डोकं फिरलं. चौकात गतिरोधक हवा, म्हणून आमच्याच छत्रीच्या नगरसेवकाकडे गेली. तो म्हणाला, पाहू. पुन्हा गेली. तो म्हणाला, करू. तिसऱ्यांदा गेली तर हसून म्हणाला, “बाई, एवढी हौस असेल तर तुम्हीच उभ्या राहा निवडणुकीला.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! त्याला वाटलं, बाई लाजून घरी जाईल. बाई जी निघाली ती थेट टायरवाल्याच्या दुकानावरच्या बादली पक्षाच्या कार्यालयात. कार्यालय कसलं, तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या एकीला हात नाही, आणि कोपऱ्यात रंगाचे डबे. त्या बिचाऱ्यांना कित्येक वर्षांत आपल्या पायांनी चालत आलेला कार्यकर्ता दिसला नव्हता. त्यांनी हिला चांगली खुर्ची दिली.

मग काय विचारता! सकाळी शिकवणी, दुपारी घरोघर, संध्याकाळी भिंती. केसांना खळ लागलेली, नखांत निळा रंग, आणि चेहरा असा फुललेला की लग्नातसुद्धा मी तसा पाहिला नव्हता. “लष्कराच्या भाकऱ्या भाजायला घरदार सोडून निघाली,” असं मी जिन्यात येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. माझा मुलगा म्हणजे गरीब गाय. आईपुढे हो, बायकोपुढे हो हो.

पण एक गोष्ट मला तिची पटली. बादलीची पोरं घराघरांतून खूश होऊन यायची, ‘सगळे हो म्हणाले!’ ही म्हणायची, “हो म्हणणाऱ्याचं मत धरून चालू नका. गाडी शिकताना मान डोलावणारा काही ऐकत नसतो, तोच भिंतीवर गाडी घालतो. वाद घालणारा शिकतो. जो दारात तुमच्याशी भांडला, त्याच्याकडे पुन्हा जा.” आणि जायची हो खरंच! ज्यांनी तोंडावर दार आपटलं, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी हसत हजर.

मी मनात म्हटलं, मग मी तर रोज भांडते. माझ्याकडे कधी येणार?

पुढे बादलीच्या बैठकीत उमेदवार ठरवायचा होता. दुसरा इच्छुक एक कंत्राटदार होता, चारचाकीतून आला आणि फोनवर बोलत बसला. हात वर करायला सांगितले, तर ज्यांच्याबरोबर हिनं भिंती रंगवल्या होत्या त्यांचे सगळ्यांचे हात हिच्यासाठी वर. घरी आली ती दारातूनच ओरडली, “आई, मला तिकीट मिळालं!”

“कुठल्या गाडीचं?” मी म्हटलं. पण तव्यावरची पोळी उलटायची विसरले. घरात उमेदवार! ह्यांनी एवढं केलं, पण उमेदवार कधी आमच्या घराच्या पायऱ्या उतरला नव्हता. आता उतरायला लागला, आणि तोही बादली हातात घेऊन.

बाल्कनीत एका टोकाला माझा छत्रीचा झेंडा, दुसऱ्या टोकाला तिचा बादलीचा, आणि मधे मुलगा मुकाट्यानं टॉवेल वाळत घालायचा. गल्लीतले लोक खास बघायला यायचे. दिवसभर बेल, फोन, चहा, ‘ताई आहेत का?’, ढोल, पत्रकं. माझं डोकं उठलं होतं आणि खरं सांगायचं तर मला भारी मजा येत होती.

फक्त एक सल होता. तिनं अख्ख्या वॉर्डाकडे मत मागितलं. पेपरवाल्याकडे, इस्त्रीवाल्याकडे, तात्याच्या बायकोकडेसुद्धा! माझ्याकडे नाही. एकाच स्वयंपाकघरात पाठीला पाठ लावून उभ्या असायचो आम्ही, पण एका शब्दानं नाही.

तेवढ्यात तात्या आला. म्हणाला, “वहिनी, शेवटच्या कोपरा सभेत दोन शब्द बोला. सासूच आमच्याकडे आहे म्हटल्यावर पोरीचा खेळ खलास. नवीन काही नको. जिन्यात जे रोज बोलता, तेच माइकवर बोला.”

लढत अटीतटीची होती, हे मलाही कळत होतं. मी बोलले असते तर आमच्या गल्लीच्या चार बायका तरी फिरल्या असत्या. पण ह्यांचा पक्ष, ह्यांचा मित्र. आणि तिला काय, मी हवी आहे कुठे? मी हो म्हटलं. तिला सांगितलंही. वाटलं, आता तरी म्हणेल, ‘आई, नका ना जाऊ.’ तर म्हणाली, “बोला की. तुमचा पक्ष आहे, आई.” चप्पल घातली आणि गेली प्रचाराला. अस्सा संताप आला मला!

त्या संतापातच मी स्टेजवर चढले. चौक गच्च भरलेला, गच्च्यांवर माणसं. तात्यानं माइक माझ्या उंचीला आणून दिला. मी म्हटलं, “लेकी बोले सुने लागे, हा प्रकार मला जमत नाही. सुनेला बोलायचं तर सुनेलाच बोलते. ऐका!”

टाळ्या पडल्या. तात्या खूश.

“या बाईला घरदार नाही! दूध गॅसवर ठेवते आणि तळमजल्यावरच्या आजींचं पेन्शन अडलं म्हणून तशीच निघून जाते. दूध उतू! जेवायला बसली की कुणाचं तरी गटार तुंबतं, आणि ही उष्ट्या हातानं फोन लावते. पाण्याच्या साहेबानं तिचा नंबर ओळखून उचलायचं सोडलं, तर ही त्याच्या ऑफिसच्या पायरीवर डबा उघडून बसली. लाज नाही! साहेबालाच लाज वाटली, तो बाहेर आला. तापानं फणफणली होती तरी त्या घाबरट नर्सला घेऊन गेली मैदानात, म्हणे तिची भीती काढायची आहे. काढली! आता ती नर्स गाडी घेऊन कामावर जाते, आणि ही खोकत घरी! ऐकत नाही, थांबत नाही, कुणी हाकललं तरी परत जाते. असली सून देव शत्रूलाही न देवो!”

माझ्या लक्षात येईपर्यंत चौक हसून हसून लोळायला आला होता. आणि मागून कुणीतरी ओरडलं, “आजी, मग आम्हाला द्या ती!”

टाळ्यांचा नुसता कडकडाट. तात्या घाम पुसत माइककडे धावला. मी माइक घट्ट धरला आणि म्हटलं, “आणि तात्या, तिला नावं ठेवायची तर मी ठेवीन. दुसऱ्या कुणी ठेवली तर गाठ माझ्याशी आहे!” मग कुणीतरी वायर उपटली.

घरी आले तर ती जेवण गरम करत होती. लाउडस्पीकर पार तिच्या प्रचाराच्या गल्लीपर्यंत ऐकू गेला होता. मान वर न करता म्हणाली, “दूध फक्त दोनदाच उतू गेलं होतं, आई.”

“तीनदा,” मी म्हटलं. तेव्हाही तिनं मत मागितलं नाही.

मतदानाच्या दिवशी मी टेबलावर बसले नाही. तात्या एकटाच होता. त्यानं माझी चिठ्ठी शोधून माझ्या हातात दिली आणि नजर खाली घातली. आत यंत्रासमोर उभी राहिले तर बोट सवयीनं छत्रीकडेच निघालं. किती वर्षांची सवय ती! हे शेजारी उभे असल्यासारखे वाटले. बराच वेळ उभी होते. बाहेरून अधिकारी म्हणाला, “आजी, बटण सापडत नाही का?” मी म्हटलं, “सापडतंय हो, जरा दम धरा.” मग बटण दाबलं आणि डोळे पुसत बाहेर आले.

मतमोजणीला मुलगा मला मैदानात घेऊन गेला. पहिल्या फेरीत छत्री पुढे. दुसऱ्या फेरीत छत्री पुढे. मी मुलाचा दंड घट्ट धरला, आणि मला कळेना मी कुणासाठी इतकी घाबरले आहे. मग आमच्या बाजूची मतयंत्रं मोजायला घेतली. बादली, बादली, बादली! शेवटचा आकडा कुणालाच नीट ऐकू आला नाही, कारण त्याआधीच बायकांनी किंचाळायला सुरुवात केली होती. त्या नर्सनं मला कडकडून मिठी मारली. मीही किंचाळले. या वयात! घसा बसला माझा.

गर्दीतून वाट काढत ती माझ्यापर्यंत आली. चेहरा निळ्या गुलालानं माखलेला, आवाज पार गेलेला. तो आवाज! कुजबुजल्यासारखं म्हणाली, “आई, सगळ्यांकडे मागितलं, तुमच्याकडेच मागितलं नाही. बाबांचा पक्ष. तुम्हाला कसं तोडायचं त्यांच्यापासून, असं वाटलं.”

मी पदर घेतला आणि तिच्या डोळ्यांवरचा गुलाल पुसला.

“मागितलं असतंस, तर दिलं नसतं,” मी म्हटलं.