दोन गोट्या सोडल्या तर

बायको गेल्यापासून मी तुमसर रोडला पोराच्या घरी एका खोलीत पडून असतो. स्टेशनात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले, की तो आवाज डब्याडब्यातून पुढं सरकत जातो आणि मले आंधळगावची शाळा आठवते.

गुरुजींनी टेबलावर दोन लाकडी पट्ट्यांच्या मधात काचेच्या गोट्यांची रांग लावली होती. एक गोटी घरंगळत येऊन धडकली अन् पलीकडची शेवटची टणकन सुटली. मधल्या तशाच राहिल्या.

"आता दोन सोडल्या तर किती सुटतील?" गुरुजींनी विचारलं.

तेवढ्यात चिखलाच्या पायांनी माझा बाप दारात आला. "चाल रे, उपटलेले धानाचे पऱ्हे वाळून राहिले."

"एवढं पाहू द्या त्याला."

"रोवणा थांबते का गुरुजी?"

मी पुन्हा शाळेत गेलो नाही. रोवण्यात चिखलाच्या बांधीत वाकून धानाची रोपं लावताना वाटे, आपण मधली गोटी आहो. धक्का खायचा, पण जागा सोडायची नाही.

लग्नानंतर रोवण्यातच बायकोले हे अन् गुरुजींचा तो प्रश्न सांगितला. ती हसली. "दोन सोडल्या तर दोनच सुटतील. एकीले एकटी कशी जाऊ देतील?"

जन्मभर मी तेच खरं धरलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी ती एकटीच गेली.