हनुवटीवरचा तीळ

माझ्या लेकीच्या हनुवटीवर जन्मतःच तीळ होता, हुबेहूब माझ्यासारखा. तिच्या आंघोळीनंतर सासूबाई काजळाची तीट लावायला निघाल्या, की मी म्हणायचे, "अहो आई, राहू द्या. हिची तीट पोटातच लावून झालीय." काय मिजास होती मला त्या तिळाची!

आणि गेल्या महिन्यात मी कर्वेनगरच्या एका दवाखान्यात जाऊन माझा तीळ काढून घेतला. का, तर ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर तो फार डोळ्यांत भरायचा. एवढंच. डॉक्टरीणबाईंचा हात इतका सफाईदार, की खपली पडल्यावर डागसुद्धा उरला नाही. मैत्रिणी वाहवा करत होत्या आणि मी मूर्खासारखी फुलत होते.

काल सकाळी लेक शाळेचा गणवेश घालून आरशासमोर उभी होती. तीळ काढल्यावर मला लावायला दिलेलं मलम ती स्वतःच्या तिळावर चोळत होती. सहा वर्षांची पोर! मी ट्यूब हिसकावून घेतली आणि वर तिच्यावरच ओरडले, "काय चाललंय? किती छान दिसतो तुला तो!"

ती रडली नाही. माझ्या कोऱ्या हनुवटीकडे बघत तिनं विचारलं, "मग तू तुझा का काढलास?"