धुरपताबाईच्या वाट चुकलेल्या माशा

पौषातली थंडी हाडात शिरत होती. धुरपताबाईनं शेण उचललं, म्हशीची धार काढली आणि गारठलेले हात काखेत धरून ती बांधावर गेली. तिथं तिच्या तीन मधपेट्या होत्या. बांधाच्या पल्याड धाकट्या जावेच्या, राजेश्रीच्या तीन. पेडगावच्या बचतगटातून दोघींना सारख्याच मिळालेल्या. जिच्या पेट्या जोमात, ती संक्रांतीनंतर गटातल्या बायांना शिकवणार, असं ठरलेलं.

धुरपताबाई या घरात बावीस वर्षं राबलेली. पण राजेश्री आली तशी सासूला धाकटीच्याच हातचं कालवण गोड लागायला लागलं. धुरपताबाईनं ते गिळलं. हे शिकवणं मात्र ती सोडणार नव्हती.

महिन्याखाली हापशावर राजेश्री सहज बोलून गेली, "जाऊबाई, माह्या एका पेटीत पिल्लांनी सहा चौकटी भरल्या की!"

त्या दिवसापासून धुरपताबाई रोज दिवस उगवायच्या आत झाकण काढायची. एकेक चौकट वर उचलून धरायची, पिल्लांची घरं मोजायची. भरलेल्या चौकटी चारच. चरफडत झाकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायची.

आणि आता तिच्या नव्या माशा तुरीच्या फुलावर गेल्या की माघारी येईनात. काही पेटीभोवती भिरभिरून बांधावर पडायच्या, काही सरळ राजेश्रीच्या पेटीत शिरायच्या. धुरपताबाईचा भडका उडाला.

"साखरपाणी ठिवून माह्या माशा फितवायलीस व्हय गं?"

"मी काय त्यान्ला आवतन धाडलं? तुमच्यापाशी करमत नसंल!"

तेवढ्यात गटाला माशीपालन शिकवणाऱ्या शुभदा मॅडम आल्या. त्यांनी आधी राजेश्रीची पेटी उघडली. माशांनी डिंकानं चिकटवलेलं झाकण कडकन् निघालं. धुरपताबाईचं मात्र डाळीच्या पातेल्यावरचं उचलावं तसं अलगद हातात आलं.

"रोज उघडता?"

धुरपताबाई पदरानं झाकणाची कड पुसायला लागली.

"बाई, माशी बारा दिवस मेणानं बंद केलेल्या घरात घडत असते. तिला पस्तीस डिग्रीची ऊब लागते, आणि या थंडीत झाकण काढलं की ती उडते. ऊब थोडी कमी पडली तरी पंख-पाय नीट येतात, पण डोक्यातल्या नसांची जुळणी कच्ची राहते. मग तिला वाट ध्यानात राहत नाही. कुणी फितवल्या नाहीत तुमच्या माशा."

राजेश्री पदर तोंडाला लावून हसली. ते हसू धुरपताबाईला माशीच्या काट्यापेक्षा जास्त झोंबलं.

"आता काय करू?"

"तीन आठवडे हात लावू नका. मी येऊन बघते, मग शिकवायचं ठरवू."

मॅडम गेल्या. धुरपताबाई पेटीपाशीच उभी राहिली. झाकण बसवलं तरी बोटं कडेलाच होती. राजेश्री निघाली, तशी तिनं हाक मारली.

"ये, थांब. तुह्या किती भरल्या ते मला तीन आठवडे सांगू नगंस."

"का वं?"

"सांगितलंस की मी उघडीन."

राजेश्री हसायची थांबली. "अन् सासूबाईनं सांगितलं तर?"

"तिलाबी दम दे. तुहं ऐकती ती."

एवढं बोलून धुरपताबाईनं कमरेला वेचणीची ओटी बांधली आणि कापसाच्या ओळीत शिरली.