हाताने आवळलेले ब्रेक

ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. मग विचारतात, हवा कमी झाली तर? हवा कमी झाली तर ट्रक बोंब मारतो. कॅबिनमध्ये बझर वाजतो, लाल दिवा लागतो, आणि तरीही रेटत राहिलात तर आतल्या जाड स्प्रिंगा सुटून मागची चाकं आपोआप जाम होतात. भीती असते ती न वाजणाऱ्या बिघाडाची. हवेच्या दाबाचा काटा आठ किलोवर, टाक्या भरलेल्या, गळती कुठे नाही, आणि ब्रेक नाही. असंही होतं. माझ्या हातून झालेलं आहे.

वसई पूर्वेला, वालीवच्या पुढे, एका ट्रान्सपोर्टच्या यार्डात मी एकवीस वर्षं मिस्त्री होतो. गाडी सुटण्याआधी ब्रेक तपासायचे आणि वहीत सही करायची, हे माझं काम. सकाळी गाडी सपाटीवर घ्यायची, चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, हॅण्डब्रेक सोडायचा. हवेच्या टाकीखालची कडी ओढून पाणी काढायचं. आपल्याकडे खाडीची हवा, पावसाळ्यात एकेका टाकीतून तांब्याभर पाणी निघतं, तेलकट, चहाच्या रंगाचं. मग इंजिन बंद करून ड्रायव्हरने पेडल दाबून धरायचं आणि आपण मिनिटभर काटा बघायचा, पडतोय का. सगळ्यात शेवटी गाडीखाली शिरायचं. हे शेवटचं काम बरेच जण टाळतात. मी कधी टाळलं नाही.

गाडीखाली प्रत्येक चाकामागे हवेचा एक डबा असतो. पेडल दाबलं की डब्यातून एक सळई बाहेर येते, ती एका दांड्याला ढकलते, दांडा फिरतो आणि आतले लायनर ड्रमवर दाबले जातात. सळईवर खडूची खूण करायची, "दाब!" म्हणून ओरडायचं, आणि खूण किती सरकली ते पट्टीने मोजायचं. लायनर झिजतात तशी सळई जास्त जास्त बाहेर येते. त्याला एक मर्यादा असते. ती संपली की डब्यात ढकलायला जागाच उरत नाही, मग हवा कितीही असू दे. म्हणून जुन्या गाड्यांना तो दांडा, आम्ही त्याला स्लॅक म्हणतो, दर चार दिवसांनी पान्याने आवळावा लागे. पूर्ण आवळायचा आणि थोडासा मागे घ्यायचा. तो थोडासा म्हणजे किती, हे हाताला कळायला लागतं. माझा हात त्यात चांगला आहे असं यार्डात सगळे म्हणत, आणि मला ते ऐकायला आवडे.

मग नव्या गाड्या आल्या. त्यांचे स्लॅक ऑटो, लायनर झिजले की आपले आपण जुळवून घेणारे. गाडीच्या कंपनीने आम्हाला एक दिवस शिकवायला बोलावलं. शिकवणारा माझ्यापेक्षा वयाने लहान होता. तो म्हणाला, "ऑटोला पाना लावायचा नाही. सळई जास्त बाहेर येत असेल तर स्लॅक आतून गेलाय, नाहीतर दुसरं काही बिघडलंय. ते शोधा. पान्याने आवळलात तर दोन-तीन दिवस माप बरोबर येईल आणि रोग तसाच राहील." आम्ही माना डोलावल्या. जेवण चांगलं होतं. परत येऊन पहिल्याच आठवड्यात मी ऑटोला पाना लावला. माप जास्त आलं, हात आपोआप खिशाकडे गेला. आवळलं, मोजलं, बरोबर. गाडी गेली. यार्डातले बाकीचे दोघे मिस्त्रीही तेच करायला लागले. इतक्या वर्षांचा हात, तो कोणाचं ऐकतो?

त्या गाड्यांतली एक वटारचा एक ड्रायव्हर चालवत असे. ख्रिस्ती, माझ्याच वयाचा, अकरा वर्षं आमच्या यार्डात. आमच्याशी शाळेतली मराठी बोलायचा, बायकोचा फोन आला की त्यांच्या बोलीत शिरायचा. त्यातलं निम्मं मला कळत नसे, आणि हे जाणून तो माझ्यादेखत माझीच थट्टा करी.

"काय सांगितलंस रे तिला?"

"काही नाही. म्हटलं, मिस्त्री घोरपडीसारखा गाडीखाली शिरलाय, बाहेर आला की निघतो."

पावसाळा संपल्यावर त्याने पहिल्यांदा तक्रार केली. न्हावाशेवाहून कंटेनर घेऊन येताना गायमुखचा घाट लागतो, तिथली.

"मिस्त्री, ब्रेक उशिरा धरतोय."

"इथं तर बरोबर धरतोय."

"तेच तर म्हणतो. घाटाच्या वरच्या अंगाला पण बरोबर धरतो. खाली येईतो पाय पोचतो तिथं काहीच नसतं."

"पाय म्हातारा झाला तुझा."

"पाय म्हातारा झाला असता तर यार्डात पण झाला असता ना? का तो फक्त घाटात म्हातारा होतो?"

बाकीचे हसले, मीही हसलो. पण त्याने मला नेमकं निदान सांगितलं होतं, आणि मला ते त्याच क्षणी कळलं होतं. उतारावर ड्रम तापतो, फुगतो, लायनरपासून लांब जातो, मग सळईला आणखी पुढे यावं लागतं. थंड गाडीवर जे माप काठावर बसतं, ते तापलेल्या गाडीवर संपतं. त्याच्या गाडीची मागची दोन्ही चाकं मी पंधरा दिवसांत पाच वेळा आवळली होती. तीच दोन. म्हणजे दोन्ही स्लॅक आतून गेलेले होते. ट्रकचा जोर मागच्या चाकांवर. नवे स्लॅक भिवंडीहून यायला एक दिवस, बसवायला एक दिवस. दोन दिवस गाडी उभी.

मालकाने मला गाडी उभी ठेवू नको असं कधी सांगितलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण इतकी वर्षं मनातल्या मनात मी मालकालाच पुढे करत आलो. खरं कारण याहून हलकं आहे. आमच्या यार्डात गाडी ब्रेकसाठी उभी राहत नाही, हे मी चारचौघांत सांगत असे. आणि स्लॅक बदलायचे म्हणजे, त्या लहान वयाच्या शिकवणाऱ्याचं बरोबर होतं, हे बाकीच्या दोघांसमोर कबूल करायचं. एवढंच.

त्या सकाळी सळई पुन्हा मर्यादेबाहेर आली होती. मी सहाव्यांदा आवळलं, मोजलं, बरोबर. बाहेर येऊन सही केली. त्याने कॅबिनमधून वाकून विचारलं, "जाऊ ना?" मी म्हटलं, "जा."

दुपारी परतताना गायमुखच्या उतारावर गाडी थांबली नाही. खाली कडेला एक टेम्पो बंद पडून उभा होता. टेम्पोच्या मागे एक माणूस होता. तो गेला. त्याचं नाव मला माहीत आहे, त्याच्या गावाचंही. इथे लिहीत नाही.

गाडी तपासायला अधिकारी आले. त्यांनी काम नीट केलं. पण ट्रक टेम्पोला ढकलत पुढे दरीकडच्या कठड्यावर घासत गेला होता, मागचा अॅक्सल वाकला होता, डबे फुटले होते, मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "सकाळी ब्रेक कोणी तपासले?"

"मी."

"सळईचं माप?"

"मर्यादेत होतं साहेब." हे खोटं नव्हतं.

"स्लॅकला हात लावला होता?"

"नाही साहेब."

हे दोन शब्द. त्यांनी ते लिहून घेतले.

पण मला जे जास्त छळतं ते हे नव्हे. वटारच्या त्या ड्रायव्हरला अटक झाली होती; तो जामिनावर सुटून आला तेव्हा घरी जाण्याआधी यार्डात आला. दाढी वाढलेली. सरळ माझ्यासमोर उभा राहिला.

"मिस्त्री, मी दाबला होता. काटा आठवर होता. मी पूर्ण दाबला होता."

तो मला दोष देत नव्हता. मी ब्रेकचा जाणकार, म्हणून विचारायला आला होता. आणि मी म्हणालो, "उतारावर कधी कधी माणसाला वाटतं, दाबला म्हणून. डुलकी लागते क्षणभर. कळत पण नाही."

"डुलकी?"

"होतं असं. तुझ्या एकट्याचं नाही."

मी त्याच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला.

ही गोष्ट मग यार्डात फिरली. डुलकी लागली म्हणे. मालक म्हणाला, ड्रायव्हर म्हणाले, चहावाला म्हणाला. पुढे त्याला कोणी गाडी दिली नाही. तो वटारला वाडीत केळी आणि भाजी करू लागला. खटला सहा वर्षं तारखांवर चालत राहिला. मी आचोळ्यातल्या माझ्या फ्लॅटमधून रोज यार्डात जात राहिलो. ती दोन्ही माणसं, गेलेला आणि हा, मी कुठेतरी ठेवून दिली होती. मात्र ऑटोला पाना लावणं मी बंद केलं. आमच्या गाड्या ब्रेकसाठी उभ्या राहू लागल्या. मालक काही बोलला नाही. दोन दिवसांचा तर प्रश्न होता.

गेल्या महिन्यात यार्डातला एक जुना ड्रायव्हर बोलता बोलता म्हणाला, "तो वटारचा पुढच्या तारखेला गुन्हा कबूल करतोय. वकील सांगतात असं करू नको, हा ऐकत नाही. म्हणतो, चूक माझीच आहे, किती दिवस लांबवायचं?"

मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून वटारला गेलो.

तो केळीच्या पाण्याचा पाट वळवत होता. मला बघून त्याला बरं वाटलं, हे सगळ्यात वाईट. "अरे मिस्त्री! घोरपड बिळातून निघाली." मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं: मागची दोन चाकं, सहा वेळा आवळणं, अधिकाऱ्याला दिलेलं उत्तर, आणि ती डुलकी. ट्रकचं त्याला समजावावं लागलं नाही. पाट भरून वाहू लागला, पाणी वाटेवर आलं. त्याने ते वळवलं नाही.

मग म्हणाला, "मला डुलकी लागली नव्हती?"

"ते मी बनवलं होतं."

"मी दर महिन्याला फादरकडे कन्फेशनला जातो. दर महिन्याला तेच सांगतो. झोपलो आणि माणूस मारला. फादर म्हणतात, एकदा सांगितलंस, देवाने ऐकलं, आता पुरे. मी ऐकत नाही. परत सांगतो." त्याचा आवाज चढला. "सहा वर्षं मी देवापुढे गुडघे टेकून तुझी थाप सांगतोय?"

हातातलं फावडं त्याने बाजूला फेकलं.

"मारू का तुला? मारायला पाहिजे ना? हात उचलत नाही माझा. तेवढा पण जोर नाही ठेवलास माझ्यात."

त्याने घराकडे बघून बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली, मला ओळखून चहाचं विचारायला लागली. तो तिच्याशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलायला लागला आणि मध्येच थांबला. मला म्हणाला, "मी नाही सांगणार. तूच सांग. तिला कळेल असं सांग."

तिला स्लॅक म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी काडीने मातीत चाक काढलं, डबा काढला, सळई काढली. सळईचं माप मी आयुष्यात कोणाला इतकं सावकाश समजावलं नसेल. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही त्या दिवशी गाडीखाली बघितलंच नव्हतं?" तिने विचारलं. माझ्यासाठी ती काहीतरी वाट शोधत होती, असं मला वाटलं.

"बघितलं होतं वहिनी."

तिने मातीतल्या रेघांवरून पाय फिरवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिला दिसलं. म्हणाली, "इथं रडायचं नाही. तारखेच्या आधी वकिलाकडे यायचं."

चार दिवसांनी आम्ही तिघे वसईत वकिलांच्या ऑफिसात बसलो. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. खोटा जबाब दिला म्हणून माझ्यावर काय काय येऊ शकतं तेही त्यांनी समजावलं. मी म्हटलं, लिहा. नोकरी त्याआधीच सोडली होती. लिहून झाल्यावर त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं: स्लॅक निकामी असल्याचं मला ठाऊक होतं, मी ते हाताने आवळून माप मर्यादेत आणलं, अधिकाऱ्यांना खोटं सांगितलं, डुलकीची गोष्ट माझी.

त्याने कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "यात हे पण टाका. ड्रायव्हरने ब्रेक वेळेवर दाबला होता."

वकील म्हणाले, "ते यांना कसं टाकता येईल? हे गाडीत नव्हते. ते तुम्ही सांगायचं, तुमच्या जबाबात. दाबला होता ना वेळेवर?"

बायको त्याच्याकडे बघत होती. मीही बघत होतो. मला तो दिवस आठवत होता, यार्डात दाढी वाढवून माझ्यासमोर उभा होता तो: मी पूर्ण दाबला होता. तेव्हा त्याला शंभर टक्के माहीत होतं.

त्याने उजवा पाय टेबलाखाली थोडा पुढे सरकवला, टाच टेकवून पंजा दाबला, पुन्हा उचलला, पुन्हा दाबला.

"आठवत नाही," तो म्हणाला. "मला आता फक्त झोपलेलंच आठवतं."