बिबा उतला नव्हता

आमच्या गावात कुणाच्या तोंडावर काही उठलं की डॉक्टर लागत नाही, शेजारीणच सांगते, "बिबा उतला." माघात जंगलातून बिबे येतात आणि बाया अंगणात बसून ते फोडतात, आतली गोडंबी काढतात. सालीतलं काळं तेल कातडीला लागलं की फोड, सूज, आग. त्यावर तीळ-खोबरं वाटून लावायचं, तेच खायचंही, आणि ओसरेपर्यंत तोंड लपवून बसायचं.

मी स्वतः बसलेली आहे. नवी नवरी, वडशाहून आलेली, म्हणजे रेल्वेच्या गावची, म्हणजे स्वतःला भारी समजणारी. झाडीपट्टीच्या नाटकातल्या नायिकेच्या गालावर तीळ होता, तसा मला हवा होता. बिब्याचं तेल काडीनं गालावर टेकवलं. दुसऱ्या दिवशी एक डोळा बंद आणि गाल असा, की नाटकात राक्षसाचं काम न मागता मिळालं असतं. थोरल्या जावेनं लेप लावला आणि लावता लावता तिच्या डोळ्यांना हसून पाणी आलं. "वडसावाली, तीळ जरा मोठाच झाला वो तुहा." मला सासरी पहिलं माणूस भेटलं ते असं.

पुढे कितीतरी वर्षांनी तीच जाऊ पापण्या सुजवून माझ्यासमोर बसली.

तोवर मी पन्नाशी ओलांडली होती आणि लेपवाली म्हणून मिरवत होते. चष्मा लागला होता, पण चष्म्यात म्हातारी दिसते म्हणून मी तो डब्यात ठेवायची आणि निदान त्याच्याविनाच करायची. पापण्यांवर जांभळट रंग, मानेभोवती लाली, बोटांच्या पेरांवर खरबरीत डाग. आम्ही दोघींनी तेव्हा पाट्याशेजारी बसून बिबेच फोडले होते. मग शंका कशाची? मी लेप लावला. तिचा नवरा, माझा भासरा, दारातून म्हणाला, "हे रंगपंचमी काऊन खेळून राह्यल्या?"

बिब्याचे दिवस सरले. मोहफुलं वेचायचे दिवस आले. डाग गेले नाहीत, उन्हात उलट जास्त लाल झाले. फोड मात्र कधी आलेच नाहीत. आणि तिला मोहाची टोपली डोक्यावर घेता येईना. एका सकाळी ती फणी घेऊन माझ्याकडे आली.

"केस बांधून दे वो. हात वर जातच नाई."

"अन् पोट कसं वर गेलं? या वयात दिवस गेले का काय बाई?"

"तुह्या भासऱ्याले इचार," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तिला दम लागला. मग ती हसायची थांबली. दोन घास खाल्ले की पोट भरतं, म्हणाली, आणि लुगडं कमरेला बसत नाही.

ब्रह्मपुरीला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं, तेही लेप काम करेना म्हणून. त्यानं पापण्या पाहिल्या, पेरं पाहिली, आणि म्हणाला, "मावशी, हात वर करा." ते खांद्याच्या वर गेले नाहीत. "खाली बसून उठा." मी धरल्याशिवाय ती उठली नाही. मग त्यानं तिला झोपवून पोटावर हात ठेवला.

मी चुळबुळले. "डॉक्टरसाहेब, आमी चामडीसाठी आलो. पोट काऊन पाहून राह्यले?"

"हा बिबा नाही, आजी," तो म्हणाला. माझ्याहून थोरली ती, पण मावशी ती आणि आजी मी. अशा वेळीसुद्धा मला त्याचा राग आला, याचं आता हसू येतं. "कातडीवर दिसतंय ते बाहेरचं आहे. दुखणं आत असू शकतं."

सोनोग्राफीत पोटात पाणी निघालं. नागपुरात कळलं, अंडाशयाचा कॅन्सर, पोटभर पसरलेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं की आत अशी गाठ वाढली की शरीर तिच्याशी भांडायला उठतं, आणि फार थोड्या जणींच्या बाबतीत त्या भांडणात आपल्याच कातडीवर अन् स्नायूंवर हात टाकतं. पापण्या, पेरं, खांदे, सगळं त्यातलंच. जाऊ ऐकत होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "मंजे मी जगतो का नाई, ते नाई सांगितलं तिनं."

पावसाळाभर सलाईनच्या खेपा झाल्या. केस गेले. पण पापण्या उतरल्या, मान निवळली, हात वर जाऊ लागले. दिवाळीत तिनं उतरंडीवरचं मडकं स्वतः काढलं. भेटायला येणाऱ्या बाया तिचं तोंड पाहून म्हणत, "बरी झाली वो तू!" ती नागपूरच्या तपासण्यांवर विश्वास ठेवत नसे, रोज सकाळी उजेडात हात धरून स्वतःची पेरं पाहायची. मीही पाहायची, चष्मा लावून.

माघ आला तेव्हा तिला कुणी बिब्याजवळ फिरकू दिलं नाही. ती आमच्यापासून लांब, खाटेवर, पदराखाली हात घेऊन बसलेली. ऊन तापलं तरी पदर निघेना. मी जवळ गेले.

"दाखव."

"काय दाखवू? थंडी हाय."

मी पदर ओढला. पेरं जांभळी झाली होती.

ती हळूच म्हणाली, "यंदा तर मी हातही नाई लावला वो."

नागपूरच्या तपासणीनं नंतर तेच सांगितलं, गाठ परत वाढली होती. औषध बदलून पाहू म्हणाले. भासरा तयार होता, पण ती नाही म्हणाली. "पोटातलं पाणी काढायले ब्रह्मपुरीले न्या. बाकी आता घरीच." भासरा तिच्यावर ओरडला, मग गोठ्यात जाऊन उगाच बैलाला बोलत राहिला.

शेवटी गिळायचे स्नायूही गेले. भाताची पेज गाळून मी चमच्यानं देई. अर्धी ओठांवाटे बाहेर येई, ती मी पुसून घेई. एका दुपारी तिनं एक चमचा कसाबसा आत घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मीठ नाई टाकलं तू."

टाकलं होतं. मी उठले, चुलीशी जाऊन आणखी चिमूटभर टाकलं, ढवळलं आणि परत तिच्या उशाशी बसले.