मशीन आधी थांबलं

बोईसरला मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करणारी जमुना तांडेल मूळची सातपाटीची. घरातल्या बायका मासळीच्या पाट्या उचलत होत्या, तेव्हा हिने आयटीआयला नाव घातलं. तिच्याकडून बंद वस्तू बंदच परत गेली, असं फारसं घडलं नाही.

साखरबाईंचं कॉफीचं मशीन मात्र दोनदा परत आलं. साखरबाई निवृत्त नर्स, डोंगराच्या बाजूला एकट्या राहणाऱ्या. तक्रार एकच : कॉफी गळता गळता मशीन मध्येच बंद पडतं. जमुनाने व्हिनेगरच्या पाण्याने नळीतला क्षार काढला. दुकानात तीन दिवस मशीन भांडं भरेपर्यंत चाललं. घरी नेलं की पुन्हा तेच.

शेवटी एका सकाळी ती स्वतःच त्यांच्या घरी गेली. पाणी भरलं, बटण दाबलं. भांडं अर्धं झालं आणि दिवा विझला.

"बोर्डात करंट हाय," टेस्टर लावत जमुना म्हणाली.

"जरा थांब." साखरबाईंनी ओट्याची कड घट्ट धरली. "आता बघ."

मांडणीवरचे चमचे किणकिणले. पायाखालून काहीतरी सरकत गेलं. भूकंपाचे असे बारीक धक्के तिकडे नवे नव्हते. जमुनाच्या अंगावर काटा आला तो वेगळ्या कारणाने. मशीन आधी थांबलं होतं.

"दर खेपेला असंच?"

"हे थांबलं, की हलतंच. सांगितलं असतं तर हसली असतीस."

जमुनाने प्लग काढून मशीनचा तळ उघडला. हीटरच्या वायरची क्लिप सैल होती, टोक काळं पडलेलं. धक्क्याआधीची, माणसाला न जाणवणारी थरथर त्या क्लिपला सुटायला पुरत असावी.

"नको आवळू," साखरबाई म्हणाल्या. "हे थांबलं की मी अंगणात पळते. मला दुसरं कोण सांगणार?"

"मावशी, सैल वायर तापते. एक दिवस घर पेटेल तुमचं."

साखरबाई बाजूला सरकल्या. जमुनाने जळकं टोक कापून नवी क्लिप बसवली. भांडं भरलं. दुसऱ्यांदा पाणी घालून दोघी कप घेऊन बसल्या. मशीन गुरगुरत होतं, दिवा लाल होता, आणि जमुनाच्या कपातली कॉफी थरथरू लागली.

दोघी बाहेर धावल्या. दोन कौलं खाली आली. आत मशीन चालूच होतं.

आठवड्याने जमुनाने फोन केला. मशीन छान चालतंय, साखरबाई म्हणाल्या. त्या मात्र आता अंगणात खाट टाकून झोपत होत्या.